मंगफचे माजी सभापती

हे मी लिहावं की नाही, ते अजूनही मला नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात लग्नपत्रिकेवरच्या नावांपलीकडे कोणी कधी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं कॉलेज म्हणजे तरी काय, तर मुक्त विद्यापीठाच्या केंद्रात भरणारे सुट्टीच्या दिवशीचे तास. राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायचं तर त्याला पुरतं ओळखलेलं असावं लागतं, आणि मी तर बहुतेक वेळा चहाचा कप घेऊन दाराशी उभा असायचो. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय ते ठणठणीत आहेत. त्यांनी वाचलंच, तर त्यांची पहिली तक्रार पदाबद्दल असेल. म्हणून वाचणाऱ्यांची आणि त्यांची आधीच माफी मागतो आणि पद नीट लिहितो. श्री. नारायण भोईर, माजी सभापती, पंचायत समिती.

कुठली पंचायत समिती ते सांगत नाही. मुंबई पसरत पसरत जिथपर्यंत आली आहे आणि अजून थांबलेली नाही, तिथला आमचा तालुका आहे. एका बाजूला वीस मजली टॉवर, त्याच्या सावलीत भाताची खाचरं, आणि दोघांनाही पाणी एकाच नळातून हवं असतं. माझे बाबा तिथलेच. भोईरकाकांचं गाव आमच्या गावापासून दोन मैलांवर. बाबा कुवेतमध्ये मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीपट्ट्यात एका ठेकेदाराकडे पाइप फिटिंगचे फोरमन आहेत. आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी, मंगफमध्ये राहतो. काकांनाही बाबांनीच त्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आणलं. आमच्या मागच्या गल्लीत तीन माणसांबरोबर एका खोलीत ते राहायचे.

ते कुवेतला का आले, हे तालुक्यातल्या कोणालाही विचारा. अडीच वर्षं ते सभापती होते. मग खुर्ची पक्षातल्याच दुसऱ्या माणसाकडे गेली. पुढच्या निवडणुकीला सोडतीत त्यांचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा अशा वेळी आमच्याकडे सगळे जे करतात तेच त्यांनी केलं. बायकोला, सुनंदाताईंना, उभं केलं. पोस्टरवर ताईंचा फोटो पासपोर्टएवढा आणि काकांचा हात जोडलेला फोटो पुरुषभर. ताई निवडून आल्या. पण दोन निवडणुकांत काकांचा टेम्पोचा धंदा मोडला होता. ताई घर, शेती आणि पंचायत समिती बघतील, आपण थोडे दिवस बाहेर जाऊन यावं, असा त्यांनी विचार केला. "थोडे दिवस" हा शब्द ते इथे आल्यावरही सोडायला तयार नव्हते. कोणी विचारलं किती वर्षं झाली, तर म्हणायचे, "मी इथे थोड्या दिवसांसाठी आलोय."

बाकी माणूस नखशिखांत सभापती होता. शुक्रवारी सकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून घालायचे आणि कुठेच जायचे नाहीत. कोणी काही मागितलं, मग ते चार्जर असो की मीठ, तर "बघू, बसून बोलू" म्हणायचे. तक्रार केली तर म्हणायचे, "नोंद घेतली." खोलीत रात्री डाळ करायची की कोंबडी, यावर वाद झाला की ते हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. मग सूचक कोण, अनुमोदक कोण हे विचारून ठराव मांडायचे. त्यांच्या खोलीतले एक राजापूरचे सुतार होते, तुकारामभाऊ. ते वैतागून म्हणायचे, "सभापती, कोंबडी कापलीसुद्धा मी. आता कसला ठराव?" काका म्हणायचे, "कार्योत्तर मंजुरी घेऊ."

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. बाबा घरी आले की आंघोळ, जेवण, टीव्ही, झोप. माझ्याशी अभ्यासाचं बोलायला त्यांना संकोच वाटायचा, कारण मी काय शिकतो हे त्यांना कळत नसे आणि मला ते सांगता येत नसे. पण काकांच्या खोलीत बाबा हसायचे. जिना चढून गेलो की दाराबाहेर त्यांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी आत गेल्यावर ते जरा कमी व्हायचं. मी पंचायत राज शिकत होतो. माझ्या पुस्तकात एक आख्खं प्रकरण होतं. आणि बाबा ते सगळं त्या माणसाकडून पोटभर ऐकत होते.

आता खुर्चीबद्दल सांगतो. तिच्यावाचून काकांचं चित्र होत नाही.

कंपनीच्या मॅनेजरचं घर रुमैथियात होतं. एकदा त्यांच्या बंगल्यातली पाण्याची लाइन दुरुस्त करायला बाबांना पाठवलं आणि सामान घेऊन काका बरोबर गेले. काम संपवून बाहेर आले तर शेजारच्या बंगल्यापुढे, कचऱ्याच्या मोठ्या डब्याला टेकून, काळी फिरती खुर्ची उभी होती. इकडे लोक चांगल्या वस्तू अशाच बाहेर ठेवतात, ज्याला हवी त्याने न्यावी. चामडं एका हातावर झिजलं होतं आणि डावा हात जरा डुलत होता. काका तिच्यासमोर उभे राहिले. बाबा सांगतात, देवळात उभं राहावं तसे. मग त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने ती पुसली, पाचही चाकं तपासली आणि बाबांना म्हणाले, "म्हादू, अशीच होती रे. फक्त माझी पाठीला जरा उंच होती."

हाफ लॉरीच्या, म्हणजे पिकअपच्या, मागच्या हौद्यात खुर्ची चढवली. ती पडू नये म्हणून काका तिला धरून मागेच बसले, आणि कधीतरी तिच्यावरच बसले असावेत. कारण फहाहीलच्या रस्त्याला सिग्नलला गाडी थांबली, बाबांनी आरशात पाहिलं, तर काका खुर्चीत ताठ बसून शेजारच्या बसमधल्या कामगारांना हात जोडत होते. आणि बसमधले काही जण परत हात जोडत होते.

ती खुर्ची त्या खोलीत दोन पलंगांच्या मधे आली. तुकारामभाऊंना मोरीकडे जाताना आडवं होऊन जावं लागे. पण तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही, हा नियम. तुकारामभाऊ एकदा मोबाइल चार्जिंगला लावून टेकले, तर काका नुसतेच त्यांच्यासमोर उभे राहिले. शेवटी भाऊ उठले आणि म्हणाले, "तुम्ही बसा बाबा, मी आपला जनता." माझी बहीण, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, ती एकदा माझ्याबरोबर आली आणि तिने विचारलं, "अंकल, आर यू द प्रेसिडेंट?" काकांना ते इतकं आवडलं की तिला त्यांनी खजुराचा आख्खा डबा दिला. पण खुर्चीवर बसू दिलं नाही.

त्या खुर्चीतून ते तालुका चालवत होते. ते शब्दशः खरं आहे. ताई दुसऱ्या अडीच वर्षांत सभापती झाल्या, कारण सभापतिपदही त्या वेळी महिलांसाठी राखीव निघालं. ताईंच्या आधी काकांना हार घातले गेले पाहिजेत असं काकांचं म्हणणं होतं, पण ते इथे होते. म्हणून त्यांनी पद्धत बसवली. रोज संध्याकाळी फोन. कोणत्या रस्त्याची शिफारस करायची, कोणाला चहा पाजायचा, कोणाला बाहेर बसवून ठेवायचं. आणि महिन्याच्या सभेला तर फोन चालूच ठेवायचा. ताईंच्या एका कानात इअरफोन, वरून पदर. सभा तिकडे अकराला सुरू व्हायची, तेव्हा इकडे साडेआठ वाजलेले असायचे आणि काका मीना अब्दुल्लाच्या स्टोअरमध्ये नळ्या आणि व्हॉल्व्हच्या कपाटांमागे उभे असायचे. ते सांगतील ते ताई बोलायच्या, शब्दाला शब्द. तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे हे नवं नाही. किती तरी ठिकाणी बाईच्या शेजारी खुर्ची टाकून नवराच बसतो, काकांची खुर्ची फक्त जरा लांब होती.

आणि मग ती सभा आली. ती बाबांनी घरी सांगितली, आणि सांगताना एवढे हसले की आई म्हणाली, पुरे, ठसका लागेल. बाबाच त्या गोष्टीला कारणीभूत होते.

त्या सकाळी बाबांना दोन इंची एल्बो, म्हणजे पाइपाचे कोपरे, हवे होते. ते स्टोअरच्या खिडकीशी गेले. आत काका कानाला हात लावून उभे. तिकडे सभेत विरोधी पक्षाचे एक वयस्कर सदस्य पाणी योजनेच्या पाइपांबद्दल विचारत होते, पाइप आले का, गावात कधी मिळणार. काका उत्तर जुळवत होते, आणि नेमके बाबा म्हणाले, "सभापती, एल्बो द्या लवकर." काकांना आधी बाबांना वाटेला लावायचं होतं. ते म्हणाले, "स्टॉकात नाहीत. उद्या ये."

तिकडे ताई उभ्या राहिल्या आणि त्या वयस्कर सदस्यांना भर सभेत म्हणाल्या, "स्टॉकात नाहीत. उद्या ये."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. ते म्हातारे सदस्यही हसले, आणि म्हणाले, "सूनबाई, कुवेतवरून उत्तर आलं वाटतं." हे काकांना ऐकू गेलं. त्यानंतर कानात एक खरखर झाली आणि हॉलचा आवाज एकदम लांब गेला. ताईंनी इअरफोन काढून टेबलावर ठेवला होता, पण फोन बंद केला नव्हता. आणि मग त्या बोलायला लागल्या.

बाबा खिडकीशीच उभे होते. काकांनी त्यांना हाताने थांबवलं. हातात एल्बोचं खोकं. एल्बो होते, भरपूर होते. काका बराच वेळ तसेच ऐकत राहिले, मागे ट्रक येऊन भोंगा वाजवायला लागला तरी. शेवटी खोकं बाबांच्या हातात देताना ते सही घ्यायलाही विसरले. "म्हादू," ते म्हणाले, "तिने पाणीपुरवठ्याच्या इंजिनीअरला उभं केलं. सगळ्यांसमोर. मी अडीच वर्षांत त्याला एकदाही उभं केलं नव्हतं. मला वाटायचं, आपला माणूस आहे."

हे सांगताना मात्र बाबा हसले नाहीत.

त्यानंतर सभेला फोन चालू राहिला नाही. काका विचारायचे तेव्हा ताई म्हणायच्या, नेटवर्क नव्हतं. संध्याकाळचा फोन मात्र यायचा, पण त्यात सूचना तिकडून इकडे येऊ लागल्या. गोळ्या घेतल्या का, पांढरा शर्ट बाहेर वाळत घालू नका, धुळीचं वादळ आहे असं टीव्हीवर दाखवतायत. काका म्हणायचे, "नोंद घेतली," आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटं खुर्ची अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे फिरवत बसायचे.

मग फोटो यायला लागले. ताईंचे. अंगणवाडीचं उद्घाटन, बंद पडलेल्या पाणी योजनेची टाकी, टॉवरवाल्यांच्या बिल्डरशी वाद. काका मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन फोटो दोन बोटांनी मोठा करायचे. त्यांना ताई बघायच्या नसत, ताईंच्या शेजारी कोण उभं आहे ते बघायचं असे. "हा कोण? हा माझ्या वेळी दारात उभा राहायचा." फ्लेक्स दिसला की मापं काढायचे. "हा किती असेल रे? बारा बाय दहा? माझा दहा बाय आठचा असायचा, तोही वाढदिवसाला." आईला तर हे बघवत नसे. ती चहा ठेवताना मला हळूच म्हणाली, "बायको एवढी पुढे गेली तर माणसाने छाती फुगवावी. हे फुगतात, पण भलत्याच कारणाने." पण नंतर मी पाहिलं, ताईंचा एक व्हिडिओ आई स्वयंपाकघरात एकटीच परत परत लावून बघत होती. बिल्डरला बोलताना ताईंचा हात कसा होता, तसा तिने स्वतःचा हात वर केला, आणि मी आलो म्हणून खाली घेतला. त्या काळात आमच्या घरात कोणाला कोणाचा तरी हेवा वाटतच होता.

सगळ्यांत वाईट दिवस सालमियातल्या संक्रांतीच्या कार्यक्रमाचा. मराठी मंडळाचं तिळगूळ वाटप होतं. बरेच लोक सुशिक्षित, हॉस्पिटलातले, बँकेतले. बाबा नको म्हणत असताना काका आम्हाला घेऊन गेले, पांढरा शर्ट, खिशात कार्डं. कार्डावर नाव, खाली "माजी सभापती". ते कार्ड ते डाव्या हाताने देत आणि उजव्या हाताने तिळगूळ घेत. एक डॉक्टरीणबाई, मंडळाच्या महिला विभागाच्या प्रमुख, त्यांनी कार्ड वाचलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. काकांचाही उजळला.

"अय्या," त्या म्हणाल्या, "तुम्ही सुनंदाताई भोईरांचे मिस्टर का? बिल्डरला झापतात तो व्हिडिओ मी आमच्या वॉर्डात सगळ्या सिस्टर्सना दाखवलाय. त्यांना एकदा इकडे बोलवायला हवं."

काका म्हणाले, "मी माजी सभापती." त्या म्हणाल्या, "हो हो, कळलं, पण ताई कशा आहेत?" ते पुन्हा म्हणाले, "मी माजी सभापती आहे, त्यांच्या आधीचा." तोवर त्या दुसऱ्या कोणाला तरी हाका मारून बोलावत होत्या, या या, सुनंदाताईंचे मिस्टर आलेत. काकांनी ताट टेबलावर ठेवलं, न जेवता. गाडीत मंगफ येईपर्यंत उरलेली कार्डं हातात धरून होते. उतरताना मला म्हणाले, "तुझ्या पुस्तकात सभापतीच्या नवऱ्याबद्दल काही लिहिलंय का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, त्या पदाची तरतूदच नाही. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले.

मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. तालुक्याचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला, ताई खुर्चीवरून उतरल्या. त्या दिवशी काकांनी फहाहीलच्या मिठाईवाल्याकडून पेढे आणले. आमच्या घरी आले आणि पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "आता दोघेही माजी." इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "बायकोची खुर्ची गेली म्हणून पेढे वाटणारे तुम्ही पहिलेच असाल." ते म्हणाले, "वहिनी, बरोबरीला आलो. बरोबरीला आल्याचा पेढा आहे."

त्याच संध्याकाळी ते आमच्याकडे असतानाच ताईंचा फोन आला. स्पीकरवर होता. मागे पुष्कळ माणसांचा आवाज होता. काकांनी विचारलं, कोण आलंय? ताई म्हणाल्या, नेहमीचेच, पाण्याचे, दाखल्यांचे, ओटीवर बसलेत, चहा टाकलाय. काका म्हणाले, "पण तू आता नाहीस ना सभापती." ताई म्हणाल्या, "ते त्यांना माहीत आहे." आणि फोन ठेवला, कारण चहा उतू चालला होता.

काकांनी पेढ्याच्या खोक्याचं झाकण लावलं. मग बाबांना म्हणाले, पण आवाज असा की जणू स्वतःलाच सांगतायत, "माझी गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी ओटीवर कुत्रं नव्हतं, म्हादू. मी सकाळपासून शर्ट घालून बसलो होतो." बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी तेव्हाही दाराशीच होतो, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा हेवा वाटला नाही. निदान त्या दिवशी तरी.

पण एवढं होऊनही त्यांची एक आशा होती. पुढची सोडत. गण खुला निघाला तर परत जायचं आणि स्वतः उभं राहायचं. प्रशासकाची वर्षं लांबत गेली तरी ते वाट बघत राहिले. अखेर सोडत झाली आणि गण खुला निघाला. त्या दिवशी ते खोलीत खुर्चीवर बसले नाहीत, फिरतच राहिले. मॅनेजर म्हणाला, रजा टाक, परत यायची सोय राहील. काका म्हणाले, सभापती रजेवर जात नाही, आणि राजीनामा दिला. बाबांनी एकदाच विचारलं, "आणि वहिनी?" काका म्हणाले, "ती समजूतदार आहे."

जायच्या आदल्या दिवशी खुर्ची त्यांनी आमच्याकडे आणून दिली, बाबांनी आणि मी मिळून लिफ्टमध्ये घातली. गॅलरीच्या दाराशी, उन्हापासून जरा आत, कशी ठेवायची ते त्यांनीच ठरवलं. "कोणी बसायचं नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तूसुद्धा नाही. आधी पास हो." दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. पांढरा शर्ट, दोन बॅगा, दोरीने बांधलेला एक टीव्हीचा खोका. टॅक्सी सुरू होताना त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. आम्ही चौघं गॅलरीतून हात हलवत होतो. पण त्यांची नजर आमच्या जरा मागे, गॅलरीच्या दाराकडे होती. मी वळून बघितलं. खालून खुर्चीची पाठ तेवढी दिसत असावी. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

पुढचं सगळं फोनवर कळलं, बहुतेक तुकडे बाबांच्या चुलतभावाकडून. पक्षाने उमेदवारी ताईंना दिली. काकांना उघडउघड सांगितलं, की दादा, तुमचा मान आहे, पण मतं ताईंची आहेत. काकांनी अपक्ष अर्ज भरला. माघारीच्या दिवशी सगळा तालुका तहसील कचेरीपुढे जमला, दादा अर्ज मागे घेतात का बघायला. त्यांनी घेतला नाही. चिन्ह खुर्ची मागितलं होतं, ते दुसऱ्या कोणाला तरी आधीच गेलं होतं, यांना कपबशी मिळाली. एकाच घरातून सकाळी दोन प्रचार निघायचे. एक पुढच्या दाराने, एक मागच्या. ताई दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना पोहे करायच्या, आणि काकांचा डबा त्यांच्या रिक्षात ठेवायला सांगायच्या, कारण त्यांना बाहेरचं खाऊन पित्त होतं. चुलतकाका म्हणाले, नवराबायको रात्री बोलत होते की नाही माहीत नाही, पण डबा एक दिवसही चुकला नाही.

निकाल लागला. काका पडले, आणि थोडक्यात नव्हे. ताई निवडून आल्या आणि पुढे सभापतीही झाल्या, या वेळी खुल्या जागेवर. काकांचा फोन लागेना. बाबा रोज जेवल्यावर एकदा लावून बघायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. खुर्चीवरची धूळ आई पुसायची. मी शेजारी खाली बसून अभ्यास करायचो.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या त्या डॉक्टरीणबाईंचा बाबांना फोन आला. महिला दिनाला त्यांनी सुनंदाताईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं आहे, ताई हॉटेलात राहायला तयार नाहीत, म्हादूभाऊंकडे उतरेन म्हणाल्या, चालेल का? बाबांनी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. दोघांच्या मनात एकच प्रश्न होता, काका येणार का, आणि विचारायचं कोणाला.

काल रात्री जेवताना बाबांच्या मोबाइलवर काकांचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. बाबांनी घास तसाच ठेवला आणि स्पीकर लावला. मी दाराशी नव्हतो, त्यांच्या शेजारी बसलो होतो.

"म्हादू," काका म्हणत होते, "खुर्ची आहे ना? तुझी वहिनी येतेय तुमच्याकडे. मी नाही येत, मला इथे कामं आहेत. तिला त्या खुर्चीवर बसव. डावा हात ढिला आहे, त्याचा स्क्रू आवळून घे आधी, नाहीतर पदर अडकेल." मग बराच वेळ नुसता ट्रॅक्टर. आम्हाला वाटलं संपलं. बाबा मोबाइल उचलणार तेवढ्यात आवाज पुन्हा आला, जरा खाली गेलेला.

"फोटो मात्र काढू नका."